शब्दचर्चा : ‘भरणे’ – कांडी, कॅसेट, कार्ड आणि गड्डा

चौपाड

सोलापुरात तीन पिढ्या एका घरात बसल्या की ‘भरणे’ या साध्या क्रियापदाचे तीन वेगळे अर्थ निघतात. १९६०-७० च्या दशकांत साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या विणकरांच्या भागांत वाढलेल्यांना ‘भरायला बसलीय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कांडी, म्हणजे मागावरच्या आडव्या सुताची नळी, हे वेगळं सांगावं लागत नाही. १९८०-९० च्या दशकांतल्या मुलांना ‘भरून आण’ म्हटलं की कॅसेट कळते. साधारण २००५ ते २०१३ या काळात शाळेत असलेल्यांना मोबाइलचं मेमरी कार्ड आठवतं. आज चौथी-पाचवीत असलेलं मूल पाण्याची बाटली भरतं, गाळलेल्या जागा भरतं, पण गाणं मात्र ‘लावतं’. गाणं भरतात, हे त्याला कळतच नाही.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं. या सगळ्यांत अर्थ एकच आहे का? जिथे ‘भरणे’ हटलं तिथे कोणतं क्रियापद आलं, आणि का? आणि खास सोलापूरचे म्हणावेत असे प्रयोग कोणते? एक विनंती आहे. नुसता कोशातला अर्थ देऊ नका, ते काम हाताने कसं व्हायचं तेही लिहा. या शब्दाचा अर्थ कामात बसलेला आहे.

धोटा

कांडीपासून सुरुवात करू. कापडात उभं सूत म्हणजे ताणा आणि आडवं म्हणजे बाणा. बाण्याचं सूत ज्या निमुळत्या नळीवर असतं ती कांडी. ती धोट्याच्या पोटात बसते आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे पळतो.

भरायची रीत अशी. सूत लडीच्या रूपात येतं. लडी दोन्ही हातांत धरून फटकारायची, म्हणजे चिकटलेले धागे सुटतात. मग ती फिरत्या चौकटीवर चढवायची, टोक शोधायचं आणि कांडी रहाटाच्या चातीवर घट्ट बसवायची. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. पहिले वेढे बुडाशी घेऊन तिथे छोटा उंचवटा करायचा. त्यानंतरचा प्रत्येक थर तिरका, शंकूच्या उतारासारखा, थोडा थोडा टोकाकडे सरकवत न्यायचा. टोकाशी बोटभर जागा मोकळी ठेवायची. सूत बुडापासून टोकापर्यंत सरळ सरळ गुंडाळलं तर कांडी दिसते चांगली, पण धोट्यात चालत नाही. सूत टोकाकडून ओढलं जातं आणि खालचे वेढे वरच्यांना अडकतात.

चुका ठरलेल्या आहेत. ताण सैल राहिला तर धोट्याला धक्का बसताच पाच-सहा वेढे एकदम ढासळतात आणि कापडात गाठोडं येतं. ताण जास्त झाला तर सूत तुटतं. कांडी प्रमाणाबाहेर भरली तर ती धोट्याच्या भिंतींना घासते, आणि धोटा मध्येच अडकला तर ताण्याचे धागे तुटतात. ते एकेक करून पुन्हा जोडत बसावं लागतं.

म्हणूनच इथे ‘गुंडाळणे’ चालत नाही. दोरी गुंडाळायला मर्यादा नसते. कांडीला असते, धोट्याच्या पोटाएवढी. कमी भरली तर लवकर संपते आणि माग थांबतो, जास्त भरली तर अडकते. ‘भरली’ म्हणजे बरोबर मापाला आली.

आणि सोलापुरात घरातली एवढी माणसं या कामाला का लागायची, याचं उत्तर सुताच्या नंबरात आहे. ८४० वारांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. १० नंबरच्या सुताच्या एका पौंडात ८,४०० वार, ४० नंबरच्या एका पौंडात ३३,६०० वार. नंबर लहान तितकं सूत जाड. चादर आणि टॉवेलचा माल जाड सुताचा, त्यामुळे कांडीवर लांबी कमी बसते आणि ती चटकन रिकामी होते. मागावर एक माणूस, तर कांड्या पुरवायला शेजारी एक माणूस सतत बसलेलं हवं. हे काम बहुधा बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतून आलेली मुलं करायची.

टाक-दौत

धोटा यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक सांगते. आधीच्या पिढीच्या बालपणाबद्दल बोलताना ‘तेव्हा मुलं घरच्या कामाला हातभार लावायची’ असं फार हळुवारपणे म्हटलं जातं. कांडी भरणारं मूल तितका वेळ पाटीपासून लांब असायचं, हे शब्दार्थ सांगताना वगळू नये. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ चा. धोकादायक कामांच्या यादीत विड्या वळणं आलं, पण कुटुंबाच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला त्या कायद्यात सूट होती. म्हणून १९८० च्या दशकानंतरही घरोघरी हे चालू राहिलं.

आणि विडीचा विषय निघालाच आहे तर, विडी ‘भरत’ नाहीत, ‘वळतात’. पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायचं, त्यात तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हिशेब हजाराचा असतो. इथे पात्र आधीपासून नाहीच, वळता वळता तयार होतं. त्यामुळे ‘भरणे’ येत नाही. (सोलापुरी उच्चार ‘विडी’च. ‘विडी घरकुल’ हे वस्तीचं नाव झालंय.)

आता माझा विषय, शाई. टाक दौतीत ‘बुडवतात’, पेन ‘भरतात’. दौतीतली शाई पुडी किंवा वडी पाण्यात विरघळवून करायचे. फाउंटन पेन शाळेत सर्रास झाल्यावर ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याची रीत होती. नळी पाऊण भरली की थांबायचं, आटे पुसायचे, मग पुढचा भाग फिरवून बसवायचा. आट्यांना शाई राहिली तर बोटं निळी.

पेन अर्धवट रिकामं ठेवू नये, असं शिक्षक सांगायचे. त्यामागे कारण आहे. शाई कमी झाली की वर हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते, शाई खाली ढकलते आणि निबेतून ठिपका पडतो. परीक्षेच्या सकाळी पेन भरून न्यायचं ते एवढ्यासाठी. वहीवर डाग पडायचा तो बहुतेकदा पेन रिकामं होत आलेलं असताना.

बॉलपेन आलं आणि क्रियापद पालटलं. ‘रिफिल’ या इंग्रजी शब्दातच पुन्हा भरणं आहे, पण मराठीत रिफिल ‘टाकतात’ किंवा ‘बदलतात’. कारण उघड आहे. हाताने काही ओतलं जात नाही. भरलेली नळी बाजारातून येते आणि संपली की फेकली जाते.

रीळ

कॅसेटबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे एक बारीक भेद आहे आणि तो आता विसरला जातोय. रेडिओवरून गाणं घेतलं तर ते ‘टेप केलं’. दुकानात यादी देऊन घेतलं तर ती कॅसेट ‘भरून आणली’. पहिल्यात कर्म गाणं आहे, दुसऱ्यात कॅसेट.

कोरी कॅसेट दोन मापांत जास्त खपायची. ६० मिनिटांची, म्हणजे बाजूला ३० मिनिटं, आणि ९० मिनिटांची, बाजूला ४५. पाच-पाच मिनिटांची गाणी धरली तर ६० च्या एका बाजूला सहा. पण काही गाणी सहा-साडेसहा मिनिटांची निघतात, म्हणून यादी करणारा हुशार असेल तर बाजूला पाच मोठी आणि शेवटी एक लहान लिहायचा. तसं नाही केलं तर शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटायचं. दुकानात यादीखाली दोन-तीन गाणी ‘जागा उरली तर’ म्हणून लिहून द्यायची पद्धत यातूनच आली. ‘जागा उरली’ हा शब्दप्रयोग बघा. कॅसेट म्हणजे डबाच.

९० ची फीत पातळ असते. वारंवार मागे-पुढे केली की ती ताणते आणि लवकर अडकते. रोज वाजणारी गाणी ६० वर भरून घ्यावीत, हा सल्ला बरोबर होता.

भरण्याआधी एक काम करावं लागतं. फितीच्या सुरुवातीला एक बिनलेपाची पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. सहा कोनांची पेन्सिल चक्राच्या दात्यांत घालून तपकिरी फीत दिसेपर्यंत फिरवायची, मग रेकॉर्डिंग सुरू करायचं. हे केलं नाही तर पहिल्या गाण्याची सुरुवात जाते. भरून झाल्यावर वरच्या कडेचे दोन चौकोनी तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून पुसलं जात नाही. पुन्हा भरायची असेल तर त्या खाचांवर चिकटपट्टी लावायची.

‘रीळ खाल्लं’ म्हणजे काय, तेही सांगतो. गुंडाळणाऱ्या चक्राचा रबरी पट्टा सैल झाला की पुढे आलेली फीत ओढली जात नाही आणि रबरी रोलरभोवती वेढे घेते. रोलरवर फितीची भुकटी साचली असेल तर चिकटून आणखी ओढली जाते. अशा वेळी कॅसेट हिसकायची नाही. झाकण उघडून फीत रोलरवरून उलट दिशेने सोडवायची, पीळ काढायचा, पेन्सिलने आत घ्यायची. आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून हेड आणि रोलर पुसायचे, नाहीतर पुढची कॅसेटही जाणार.

पुढचा टप्पा मेमरी कार्डाचा. तेव्हा नवी पेठेत आणि गल्लोगल्लीच्या मोबाइल दुकानांत ‘कार्ड भरून मिळेल’ ही पाटी असायची. ‘भरून मिळेल’ हे शब्द कॅसेटच्या पाटीवरून जसेच्या तसे आलेले. मिनिटाला साधारण १ एमबी या हिशेबाने पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीचं, म्हणजे १ जीबीत दोनशेच्या आसपास गाणी. नेहमीची तक्रार असायची की ४ जीबीचं कार्ड आणलं तर फोन ते दाखवतच नाही. कार्ड खराब नसायचं. २ जीबीच्या वरची कार्डं वेगळ्या पद्धतीची असतात आणि त्या काळचे बरेच फोन ती वाचू शकत नसत. दुसरी चूक, भरणं चालू असताना कार्ड काढणं. मग फाइल दिसते पण वाजत नाही.

चौपाड

रीळ, तुम्ही कर्माचा भेद सांगितलात, तोच धागा पुढे नेतो.

‘भरणे’ला दोन प्रकारची कर्मं चालतात. एक, पात्र: घागर भर, पेन भर, कॅसेट भर. दोन, आत जाणारी वस्तू: पाणी भर, शाई भर, गाणी भर. बऱ्याच जोड्यांत दोन्ही चालतात. पण कांडीचं तसं नाही. ‘कांडी भर’ म्हणतात, ‘सूत भर’ कुणी म्हणत नाही. सायकलचं उलट आहे. ‘हवा भर’ म्हणतात, ‘चाक भर’ नाही. फॉर्म बहुधा पात्र: ‘फॉर्म भर’. फी फक्त वस्तू: ‘फी भर’. कुठे भरायची ते बोललंच जात नाही.

मूळ संस्कृत ‘भृ’ म्हणजे धारण करणं, वाहणं. धारण करायचं तर धारण करणारं काहीतरी हवं आणि त्याला काठ हवा. माझ्या मते हीच खूण सगळ्या दशकांतून टिकलेली आहे. कांडी, पेन, कॅसेट, कार्ड, चारही ठिकाणी काठ आहे. इंटरनेटवरून ऐकलेल्या गाण्याला काठ नाही, म्हणून ते ‘लावतात’. दिवा लावतात, रेडिओ लावतात, तसं.

फोनचंही बघा. घरातल्या तारेच्या फोनचं बिल ‘भरायचं’, म्हणजे वापर आधी, भरणा नंतर. प्रीपेड आलं तेव्हा रिचार्ज ‘मारलं’ किंवा बॅलन्स ‘टाकला’. पैसे आधीच जातात, देणं असं राहत नाही, म्हणून ‘भरणे’ तिथे बसलं नाही. १ मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे घेणं थांबलं आणि मिस कॉल देणं मुलांच्या रोजच्या व्यवहारात आलं. तोही ‘देतात’ किंवा ‘मारतात’.

कळशी

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि सोलापुरात ‘भरणे’ म्हणजे सगळ्यात आधी पाणी. सगळ्या पिढ्यांच्या बालपणात हा एकच प्रयोग अखंड आहे. पात्रं मात्र बदलली.

सार्वजनिक नळाच्या काळात कळशी आणि घागर. नंबर लावायला भांडं ठेवायचं, माणूस नसलं तरी चालायचं. पितळी कळशी जड, म्हणून मुलांच्या हाती छोटी कळशी किंवा डबा. पुढे प्लॅस्टिकच्या घागरी आणि २०० लिटरची बॅरल. उजनी धरणाचं पाणी शहराला येऊ लागलं तरी रोज सुटेल अशी खात्री झाली नाही. तीन-चार दिवसांआड पाणी हा इथल्या आजच्या मुलांच्याही दिनक्रमाचा भाग आहे. कुठल्याही दशकातलं मूल घ्या, ‘पाणी सुटलंय’ हे ऐकलं की खेळ सोडून उठतं.

भरताना काय चुकतं ते लिहिते. बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या नळातून पहिलं पाणी गढूळ येतं. ते बादलीत धरून फरशी धुवायला काढावं, स्वच्छ आल्यावर पिण्याचं भरावं. नळाला थेट मोटार लावली की वाहिनीतला दाब उतरतो, शेजारच्यांना पाणी मिळत नाही, आणि वाहिनीला कुठे चीर असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. साठवलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, आतल्या कडा घासून कोरडी करायची. डेंगीचा डास भांड्याच्या कडेला अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कडा न घासता नुसतं पाणी बदललं तर अंडी तशीच राहतात. याला ‘कोरडा दिवस पाळणे’ म्हणतात. हा शब्द आजच्या शाळकरी मुलांना चांगला माहीत आहे, आजी-आजोबांच्या लहानपणी तो नव्हता.

घरात तेलुगू बोलणारे याच कामाला ‘निंपु’ म्हणतात, कन्नड बोलणारे ‘तुंबु’. त्यातला ‘तुंबु’ ऐकला की मराठी ‘तुंबणे’ आठवतं, पण मराठीत गटार तुंबतं, घागर तुंबत नाही. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते.

धोटा

१९७२ च्या दुष्काळातला एक प्रयोग नोंदवतो, कारण तो आता खेड्यांतही कमी ऐकू येतो. ‘ब्रास भरणे.’ दुष्काळी कामावर खडी फोडून ती मापाच्या ढिगात रचायची. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. मजुरी मापावर, त्यामुळे ढीग आतून पोकळ राहिला किंवा उतरता झाला तर ‘ब्रास भरला नाही’ आणि पैसे कापले. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या वर्षांच्या मुलांनी हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. इथेही चौपाड म्हणतात तोच काठ.

कांडीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. यंत्रमागांच्या कारखान्यांत कांड्या भरायला यंत्र आलं, तेव्हा ‘कांडी भरणारी’ घरातून कारखान्यात गेली. रॅपियर मागावर तर धोटाच नाही. आडवं सूत थेट मोठ्या कोनावरून, म्हणजे शंकूच्या आकाराच्या सुताच्या गुंडीवरून, खेचलं जातं. म्हणजे कांडीही नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण कांडी कशी भरायची हे त्या घरांतल्या विशीतल्या मुलांना सांगता येत नाही. याचं वाईट वाटतं. मुलांना पुन्हा रहाटावर बसवावं असं मुळीच नाही, पण शब्द आणि कृती कुणीतरी लिहून ठेवायला हवी.

टाक-दौत

एक शंका. घड्याळाला ‘चावी भर’ असं सोलापुरात ऐकू येतं. ते बरोबर आहे का?

चौपाड

प्रमाण मराठीत ‘किल्ली देणे’ किंवा ‘चावी देणे’. ‘चावी भरणे’ हिंदीतून आलेलं. इथे दखनी, म्हणजे दक्षिणेतली हिंदी-उर्दू बोली, बोलणारा मोठा समाज आहे, तेव्हा ते रुळलं यात नवल नाही. चूक म्हणू नये, स्थानिक म्हणून नोंदवावं. विजेवर चालणाऱ्या वस्तूंना मात्र ते गेलं नाही. मोबाइल ‘चार्जिंगला लावतात’.

रीळ

आणि ‘स्टोरेज भरलं’? आजची मुलं ते म्हणतात.

चौपाड

म्हणतात, ‘फुल झालं’ त्याहून जास्त. पण रूप बघा. कॅसेट कुणीतरी भरायचं. स्टोरेज आपोआप भरतं. सकर्मकाचं अकर्मक झालं.

अकर्मक ‘भरणे’ मराठीत जुनंच आहे: शाळा भरते, बाजार भरतो, आणि सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतली जत्रा, भरतो. इथे भरतात ती माणसं. २०२० मध्ये वर्ग मोबाइलवर आले तेव्हा ‘शाळा सुरू झाली’ म्हणाले, ‘शाळा भरली’ क्वचितच. मुलं एका जागी आलीच नव्हती.

कळशी

गड्ड्याचं उदाहरण याहून ठळक आहे. २०२१ च्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे धार्मिक विधी मोजक्या मानकऱ्यांत झाले. लोक म्हणाले, ‘यात्रा झाली, पण गड्डा भरला नाही.’ यात्रा म्हणजे अक्षता सोहळा आणि नंदीध्वज. गड्डा म्हणजे होम मैदानावरचे पाळणे, दुकानं आणि गर्दी. बाहेरगावचे हे दोन शब्द एकच समजतात.

टाक-दौत

मग विरुद्ध क्रियापदंही नोंदवून ठेवा, ती सगळी वेगवेगळी आहेत. घागर रिती होते, कांडी संपते, कॅसेट पुसतात, स्टोरेज रिकामं करतात, शाळा सुटते, बाजार उठतो, जत्रा फुटते. भरलेल्या फॉर्मला विरुद्ध क्रियापद मला सापडलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर लिहा.